बापूकाकांची बिननावी सही

बापूकाका दिघ्यांविरुद्धची निनावी तक्रार मी बापूकाकांच्याच कॉम्प्युटरवर टाइप केली. माझ्या सगळ्या मूर्खपणांत छापून निघालेला हा एकच.

काकांनी आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंजातल्या एका बँकेत आयुष्यभर चेकवरच्या सह्या पडताळल्या. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. दूधवाल्याला रोज कॅलेंडरवर सही करावी लागे. "भैया, पहले सही मिलाओ, फिर दूध."

देशाचा बाजार खुला झाल्याचा आमच्या माधव नगरच्या गल्लीतला पहिला पुरावा म्हणजे काकांचा कॉम्प्युटर. कुठल्याशा मासिकात वाचून त्यांनी आमच्या मराठी मंडळातल्या निनावी तक्रारींसाठी डिजिटल सही काढली. प्रत्येक सभासदाला एक गुप्त शब्द दिला. तक्रारीखाली तो टाकला की छापून येई, 'सही खरी, सभासद आपलाच.' नाव नाही. कुणाचा शब्द कोणता, ते फक्त काकांच्या डोक्यात.

"सहीत नाव नको, पण माणूस हवा," काका म्हणत. म्हणून नियम एकच. तक्रार खोटी निघाली, तर सभेत नाव उघडायचं.

गणपतीत काकांच्या आरत्या संपता संपत नसत. एक झाली की दुसरी, आणि पेढे समोर वाळत. मी लिहिलं, 'काका आरती फार लांबवतात. लोक कंटाळतात.' तेव्हा काका आत माझ्यासाठी चहा टाकत होते. माझं नाव कुणाच्या डोक्यात आहे, हे मला घरी पोचल्यावर उमगलं.

दुसऱ्या दिवशी सभेत काकांनी ती तक्रार स्वतःच वाचली. "बोला, खरी की खोटी?"

आमचे लोक भिडस्त. अध्यक्ष म्हणाले, "छे हो काका, तुमची आरती म्हणजे क्या बात है. खोटी म्हणणाऱ्यांनी हात वर करा." भराभर हात वर झाले. घाबरून मीही केला.

"आता नाव खोला, काका," अध्यक्ष म्हणाले.

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे नाही. "सही मी पडताळली आहे. आणि तक्रार खरी आहे. मी लांबवतो, मला ठाऊक आहे. नाव बंद." माइक त्यांनी अध्यक्षांपुढे सरकवला. "आजपासून आरती तुम्ही म्हणा."

आरती झटपट उरकू लागली. पेढे वेळेवर मिळू लागले. काका मागच्या खुर्चीवर बसून नुसते ओठ हलवत. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात आवाज होता तो कॉम्प्युटरच्या पंख्याचा. मोठ्यानं गळा उघडायला वर्षातून एवढेच दिवस मिळत.

मी माझा पेढा तसाच ताटात परत ठेवला. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. काकांनी तेव्हासारखाच चहा टाकला. मी टाइप केलं, 'आरती काकांनीच म्हणावी. हवी तेवढी लांब.' खाली गुप्त शब्द टाकला आणि कागद छापला.

काकांनी तो कागद चेक धरावा तसा उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"सही खरी आहे," ते म्हणाले. "माणसाचा भरवसा नाही."