तंबोऱ्याच्या वाट्याचा तडा

पार्सल कचेरीतून निघणाऱ्या प्रत्येक पार्सलाच्या वाट्याला एक तडा येतो, आणि पार्सलाने तो घेतला नाही, तर पाठवणाऱ्याला दुसरी जागा लिहून द्यावी लागते.

नसीमाने हे फलकावर वाचलं होतं. तरीही तिने तंबोरा असा बांधला होता की तड्याला शिरायला फट नव्हती. भोपळ्याभोवती कापूस, त्यावर दोन गोधड्या, मग पेंढा, मग फळ्यांची पेटी. आधीचे दोन तंबोरे पुण्याच्या गायिकेकडे फुटके पोचले होते. हा अब्बांच्या हातचा शेवटचा. त्यांचे हात थरथरायला लागले होते, चौथा होणार नव्हता.

खिडकीतल्या टोणपेसाहेबांनी पेटी ठोकून पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

"ताई, ह्यात तडा जाणार कुठून?"

"जाऊ नये म्हणूनच बांधलंय."

"सगळेच असं बांधायला लागले तर तडे इथं साठतील. मागच्या वर्षी भिंत गेली आमची."

"मग रद्द करा."

"तडा रद्द होत नाही. वर्ग होतो." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "मागं काका उभे आहेत ना, त्यांची लोणच्याची बरणी आहे. तिच्यावर टाका. नाहीतरी सैलच बांधलीय."

नसीमाने वळून पाहिलं. काका बरणीवरच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळत होते.

"हा नियम केला कुणी?"

"ते निवृत्त झाले. लिहा लवकर, जेवणाची सुट्टी होतेय."

तिने लिहिलं : पाठवणारीचा आवाज. बारा वर्षांत तिचा सकाळचा रियाज एकदाही चुकला नव्हता, हे तिला सही करून झाल्यावर आठवलं.

टोणपेसाहेबांनी शिक्का मारला. "पावती सांभाळून ठेवा."

"बरं," ती म्हणाली. ते दोन तुकड्यांत बाहेर पडलं.

घसा बसल्याची खूण करून तिने तीन दिवस अब्बांसमोर रियाजही टाळला आणि बोलणंही. चौथ्या दिवशी गायिकेचा फोन आला. तंबोरा अखंड पोचला होता.

"अब्बा, पोचला!"

अब्बांनी मान वर केली. "पुन्हा बोल."

"पोचला."

"पार्सलचा तडा?"

"हो."

"बस इथं."

तारेखाली सरकवून स्वर खुलवायचा सुती दोरा त्यांनी डबीतून काढला, आणि थरथरत्या हातांनी तिच्या गळ्यावर आडवा धरला.

"सा लाव."

तिने लावला.

"थांब जरा," अब्बा म्हणाले, आणि त्यांनी दोरा केसभर खाली घेतला.