वाजत्या वैरणीची कैफियत

श्री. घोड्यावर बसून येणाऱ्या कुलस्वामीस दंडवत, आणि घोड्याच्या पायाशी बसून ज्यांनी जन्म काढिला त्यांसही दंडवत. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, पुढील वर्तमान जाहले. ते राज्याचे पागेचे दारोगा म्हाळोजी थिटे. तीस वर्षे घोडी राखिली म्हणून दरारा मोठा, आणि आपल्या कानाचा अभिमान त्याहून मोठा. म्हणावे, "घोड्याची वैरण वाजली पाहिजे. वाजत नाही ती म्हशीची." आणि रोज तिसरे प्रहरी डोळे मिटून पागेतून चालावे, आणि चाळीस घोडी कोरडे गवत करकर चावीत ते ऐकून मिशांवरून हात फिरवावा. होता होता शेजारच्या पागांतही वैरण वाजते किती, यावरून दारोग्याची परीक्षा होऊ लागली.

त्या पागेत पारवा म्हणून घोडा, सरकारांनी पहिली मांड त्यावरच टाकिली. वय बावीस, दाढा झिजून गुळगुळीत. त्याचा खरारा-चारा पाहणारा मोतद्दार हैबती आडसूळ, हा मनुष्य माणसांशी थोडे व घोड्याशी पुष्कळ बोले. तो गवत घंगाळात भिजवी, मग झटकून, मोकळे करून, खाली भुईवर पसरी, आणि हरभऱ्याच्या गव्हाणीत नदीचे वाटोळे धोंडे ठेवी, की घोड्याने धोंडे चुकवीत थोडे थोडे उचलावे. दारोगे हे पाहून हसत, आणि पारव्याच्या ठाणावरून जाताना कानांवर हात ठेवीत.

ऐशात सरकारांनी शेजारच्या राज्यावर सरहद्दीच्या धोंड्यावरून मोहीम काढिली आणि हौसेने पारव्यावरच स्वार जाहले. शत्रू लग्नास परगावी गेला होता, सबब लढाई न होता फत्ते जाहली, आणि सात कोस उन्हातून स्वारी परत आली. मग सरकार खासे पागेत आले आणि म्हणाले, "म्हाळोजी, तुमची वाजती वैरण आज ऐकवा." दारोग्यांचा ऊर भरून आला. हैबती पुढे होऊन हळूच म्हणाला, "दारोगाजी, अजून धाप हाय त्याला. आधी पाणी दावू. गवत भिजतंया, जरा दम धरा."

"सरकारांपुढं म्हशीची आंबोण मांडतोस?" ऐसे दातांआड बोलोन दारोग्यांनी घंगाळ लाथेने उलथिले, आणि करकरीत पेंढीचा बंदही न सोडिता ती पारव्यापुढे टाकिली. भुकेला घोडा तुटून पडला. दहा-वीस घास वैरण वाजली, आणि सरकारांनी "वाहवा" म्हटले, आणि मग वाजणे थांबले. पारव्याने मान लांब केली, खोकला, आणि दोन्ही नाकपुड्यांतून हिरवे पाणी व गवताचा चोथा वाहू लागला.

दारोगे गडबडून ओरडले, "नळकांडं आणा, तूप पाजा." तेव्हा हैबती घोडा व नळकांडे यांच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "तोंडात थेंब घालायचा न्हाई. गिळायची वाट बंद हाय, तूप छातीत उतरंल नि घोडं मरंल." मग सगळे अन्न बाजूस सारून त्याने पारव्याचे डोके खाली धरिले, आणि मानेच्या डाव्या अंगास गोळा लागत होता तेथे हलके हात फिरवीत राहिला.

सरकारांचे डोळे भरले. त्यांनी विचारिले, "वैरण दिली कोणी?"

आणि म्हाळोजी म्हणाला, "मोतद्दाराने."

येथून पुढे लेखणी म्हाळोजीस एकेरी लिहिते. त्यानेच तैसे लिही म्हणून सांगितले आहे.

सरकारांनी वैरण टाकताना पाहिले नव्हते, ते तेव्हा पागोटे सावरीत होते. ज्यांनी पाहिले ते भुईकडे पाहू लागले. हैबतीचा हात त्या गोळ्यावरून फिरतच होता. घटकाभराने पारव्याने मोठा आवंढा गिळिला, आणि नाकाचे पाणी थांबले, आणि घोडा वाचला. मग हुकूम जाहला की हैबतीस पागेतून काढून कुरणावर गवत कापण्यास धाडावे. जाताना तो म्हाळोजीस इतकेच म्हणाला, "दोन दिस नुसतं भिजवून मऊ केल्यालं द्या. पाणी आधी. दमून आला तर दम उतरल्याबिगर काय नको. पेंढी सोडून, झटकून. आणि धोंडे काढू नका गव्हाणीतले."

म्हाळोजीने अक्षर न अक्षर पाळिले, आणि पारवा सुधारला, आणि सरकार इतके खूष की हीच रीत सर्व पागांस लागू केली, आणि तीस "म्हाळोजीची वैरण" ऐसे नाव ठेवून त्यास शेला दिला. तो शेला खांद्यावर पडला तेव्हा म्हाळोजीस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. पागेतून जाता मोतद्दारांनी मुजरा करावा, आणि याने तो घेताना डोळे चुकवावे. घरी जेवण जाईना. बायकोने विचारिले तर तिच्यावर वसकला, आणि मग त्याचीही लाज वाटली.

अखेर आठवे दिवशी तो चालत तीन कोस कुरणावर गेला. हैबती विळा घेऊन गवतात होता. म्हाळोजी उभा राहिला आणि म्हणाला, "हैबती, ती वैरण मी टाकली होती."

"ठावं हाय," हैबती म्हणाला. "मी तिथंच हुतो की." आणि मग विचारिले, "पारवा खातोय?"

"खातो."

"पाणी आधी?"

"आधी," म्हाळोजी म्हणाला. "मला राहवेना, म्हणून तुला सांगायला आलो."

हैबतीने कापलेले गवत खाली ठेविले. "मला सांगाया एवढं तीन कोस आलासा, दारोगाजी," तो म्हणाला, "आन् दरबार तर तुमच्या घराशेजारीच हुता."

ते ऐकून म्हाळोजी उन्हातच माघारी फिरला, आणि पायांची धूळ न धुता भर दरबारी शिरला, आणि जे खरे ते सांगितले.

तात्पर्य, शेला गेला, दारोगेपण गेले, आणि हैबतीराव पागेवर परत येऊन दारोगा जाहले. म्हाळोजी त्यांचे हाताखाली मोतद्दार म्हणून राहिला. लोक सवयीने रीतीस म्हाळोजीचीच वैरण म्हणत राहिले, आणि दर वेळी तो मान खाली घालून म्हणे, "हैबतीरावांची." कोणी ऐके, कोणी न ऐके. घोडी मात्र त्या राज्यात पुन्हा गुदमरली नाहीत. इतके लिहून लेखणी ठेविली.