सपाट बुडाची बोट

खरेदी कशी करावी, हे माझ्याकडून शिकावं! ही फुशारकी नाही, अख्ख्या अनसिंगला ठाऊक असलेली गोष्ट आहे. मी शाळेत बाबू आहे आणि चौकशी करणं हा माझा पिंडच! मागच्या उन्हाळ्यात कूलर घ्यायला वाशीमला गेलो होतो. माझे प्रश्न ऐकता ऐकता दुकानदाराला असा घाम फुटला, की त्यानं विकायचा कूलर स्वतःच्याच तोंडाकडे वळवून घेतला. असा हा मी! आणि अशा मी एक बोट घेतली.

अनसिंगमध्ये बोट कशाला, असं तुम्ही विचारणार. बरोबरच आहे. आमच्या जिल्ह्यात समुद्र म्हणाल तर तो फक्त भूगोलाच्या पुस्तकात. पण माझी अडचण समुद्राची नव्हती, सासऱ्यांची होती.

माझे सासरे पंजाबराव म्हणजे रिसोडचे निवृत्त एसटी कंडक्टर. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. माणूस सरळ, पण खूश करायला कठीण. त्यातच त्यांच्या थोरल्या जावयानं, म्हणजे नागपूरच्या इंजिनिअरनं, त्यांना विमानात बसवून आणलं. तेव्हापासून मामाजी जमिनीवर यायलाच तयार नाहीत! आमच्याकडे जेवायला बसले की, "इमानात ताट छोटं रायते, पण झाकण भल्लं नामी!" पंख्याखाली निजले की, "इमानातली हवा थंडी होती." माझी बायको नीलिमा बिचारी पुरणाचं करायची, कोंबडी करायची, आणि मामाजी खिडकीतून आभाळाकडे पाहत जेवायचे. ते गेले की ती भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

म्हणून एकदा त्यांच्याच घरी, सगळे पाहुणे बसलेले असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, इमानाचं काय घेऊन बसले! तुमी आमच्याकडे या. माह्या सोताच्या बोटीत बसवतो आन् तुमच्या डोळ्यासमोर मरळ धरतो!"

मरळ मासा म्हणजे मामाजींचा जीव की प्राण. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"सोताची बोट हाये तुमची?"

"हाये म्हणजे काय!"

"मंग येतोच मी. दिवाई झाली की."

घरी येताना बसमध्ये नीलिमा हळूच म्हणाली, "तुमाले पोहता येते का?"

"बोटीत बसणाऱ्याले पोहाची काय गरज?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. गावाबाहेर आमचा तलाव आहे. त्याचा एक फाटा शेतांमध्ये आत घुसलाय, त्याला आम्ही 'बगल' म्हणतो. तिथं पाणी उथळ, तळाशी गवत, आणि त्या गवतात मरळ दडून बसते. मोबाईलवर पाहिलं, तर परदेशातले लोकही खाडीच्या उथळ पाण्यात अशीच मासेमारी करत होते! डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल आणि बुडाखाली सपाट बोट. एका गोऱ्यानं तर तासभर हेच समजावून सांगितलं. इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळलं, पण हात हलवून तो सांगत होता ते पक्कं डोक्यात बसलं. उथळ पाण्यात बोटीचं बूड सपाट पाहिजे. टोकदार बूड गाळात रुतलं की संपलं!

मग मी एकेक प्रकार तपासला. ट्रॅक्टरची ट्यूब? तिच्यात मामाजी मावले नसते, आणि मावले असते तर निघाले नसते. थर्माकोलचा तराफा? त्यावर भोई लोक मस्त उकिडवे बसून जाळं टाकतात, पण मामाजींचे गुडघे दुखतात. लाकडी डोंगा? त्याला वल्हं मारावं लागतं, आणि माझ्या हाताला पेनाची सवय! शेवटी मी माझा मित्र मदनसिंग याला फोन लावला.

मदनसिंगचा जुन्या सामानाचा धंदा आहे. त्याचा एक गुण म्हणजे तो कधी खोटं बोलत नाही. आणि एक दोष म्हणजे विचारल्याशिवाय काहीच बोलत नाही.

"मदन, जुनी बोट हाये का कुठी?"

"हाये ना! एक बगीचा बंद पडला. तथली हाये."

मी खुर्ची सरसावून बसलो. आता खरी चौकशी!

"बूड कसं हाये?"

"एकदम सपाट."

"उथळ पाण्यात चालते?"

"अरे, उथळ पाण्यातच चालवत होते ते तिले!"

"दोन माणसं बसतात?"

"आरामात. बाजू-बाजूले. टेकाले पाठ हाये."

"वल्हं लय जड हाये का?"

"वल्हंच नाई. सायकलसारखे पायडल हायेत."

"गळते का?"

"थेंब नाई."

"रंग?"

"पांढरा. भल्ली गोरीपान हाये!"

आता सांगा, आणखी काय विचारायचं राहिलं होतं? मी फोन ठेवला आणि नीलिमाला म्हणालो, "याले म्हणतात चौकशी!"

मामाजी यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मदनसिंगचा टेम्पो गल्लीत शिरला. मागं ताडपत्रीत काहीतरी बांधलेलं होतं आणि ताडपत्रीतून एक लांबलचक पांढरी मान वर आली होती. मानेच्या टोकाला लाल चोच. चोचीच्या वर काजळ घातलेले दोन डोळे, पापण्यांसकट!

तो राजहंस होता!

"मदन, हे काय होय बे?"

"बोट."

"बोटीले मान काहून?"

"तू मानेचं कुठी इचारलं होतं?"

तेवढ्यात शेजारच्या रुखमाबाई धावत आल्या. त्यांनी हंसाकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि हातच जोडले. "सरस्वतीचं वाहन आलं बाई! देवी मागच्या गाडीत हाये का?" मी नाही म्हणेपर्यंत हंसाच्या कपाळावर हळदीकुंकू लागलं होतं. मी त्यांना समजावलं, "काकू, ही बोट हाये, बोट! तलावात चालवाची हाये." झालं! त्या "तलावात चालवाची हाये" असं सांगत सुटल्या. गल्लीच्या या टोकाला निघालेली बातमी त्या टोकाला पोचेपर्यंत अशी झाली होती: 'आपल्या तलावावर बोटिंग सुरू होऊन राह्यलं, उद्या उद्घाटन हाये, आन् मोठे पाहुणे येऊन राह्यले!'

रविवारी सकाळी मोठे पाहुणे आले. त्यांच्या हातात पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी. मी त्यांना घेऊन तलावावर पोचलो आणि जागच्या जागी थिजलो. काठावर जत्रा भरली होती! बाया नटूनथटून आलेल्या, पोट्टे उड्या मारून राह्यले, भज्यांची गाडी लागलेली, फुगेवाला फिरतोय. मदननं आदल्या संध्याकाळीच पाण्यात उतरवलेल्या हंसाच्या गळ्यात कुणीतरी झेंडूचा हारही घातला होता. आम्ही दिसताच टाळ्या सुरू!

मामाजींनी आधी गर्दी पाहिली, मग हंस पाहिला. मग मला.

"हे तुमची बोट?"

"सपाट बूड हाये, मामाजी," मी कसाबसा म्हणालो.

परत फिरावं, तर समोर अख्खं गाव टाळ्या वाजवतंय. मामाजी अब्रूला जपणारा माणूस! त्यांनी टोपी सरळ केली आणि मानानं बसल्यासारखे हंसाच्या पोटात बसले. त्यांच्या शेजारी मी. आमचे खांदे एकमेकांत असे अडकले की श्वासही आळीपाळीनं घ्यावा लागत होता. काठावर नीलिमा एका हातात डबा आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडावर धरून उभी होती. हसत होती की रडत होती, पदरामुळे कळेना.

आम्ही पायडल मारायला लागलो. हंस डुलत डुलत निघाला! खरं सांगतो, सुरुवातीला झकास वाटलं. मामाजींचे पाय आधी जरा अवघडले, मग त्यांनाही लय सापडली. "बरी चालते," एवढं ते बोलले आणि माझी छाती हंसासारखी फुगली. बगलेत शिरलो तेव्हा मी ऐटीत गळ काढला, मोबाईलमधल्या गोऱ्यासारखा मागं नेला आणि झटक्यात फेकला. गळ मामाजींची टोपी घेऊन गेला. टोपी पाण्यात पडली, क्षणभर तरंगली आणि गवताखाली दिसेनाशी झाली.

मामाजी उघड्या टकलावरून हात फिरवत राहिले.

"काढतो मी, मामाजी! काढतो!" मी जोरजोरात पायडल मारायला लागलो. बोटीखालचं चाक गवतात फिरलं, फिरलं, आणि असं गुंडाळलं गेलं जशी चुलीवरच्या शेवया ढवळणारी पळी! पायडल जाम. पुढं होईना, मागं होईना. वारा आला की हंस जागच्या जागी अर्धा फिरायचा आणि आमचं तोंड काठाकडे करायचा. लोक हात हलवायचे.

"इमान अडकलं नव्हतं," मामाजी म्हणाले.

तेवढ्यात हंस एका अंगाला कलला. मामाजींनी दोन्ही हातांनी हंसाची मान धरली. "जावईबापू, मले पोहता येत नाई!"

"मले बी येत नाई, मामाजी!"

मग आम्ही ओरडलो. "वाचवा! वाचवा हो!" काठावरून टाळ्या आल्या. मी दोन्ही हात हलवले, सगळ्यांनी हात हलवले. मामाजी जीव तोडून किंचाळले, तसा कुणीतरी मोबाईल उंच धरून ओरडला, "बाबा, अजून एकदा! याच्याकडे पाहून!"

मामाजींचे डोळे भरले. "नीलिमाले सांगजा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तिच्या हातचं पुरण लय गोड रायते. मी कधी म्हटलं नाई. तिले सांगजा."

"मामाजी, तुमी गेले तं मी तरी कुठी उरतो सांगाले!" मला हुंदका आला. आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो. म्हणजे अडकलेलो होतोच, फक्त तोंडं वळवली.

आणि तेवढ्यात समोरून, आमच्याच दिशेनं, पाण्यातून चालत चालत एक म्हैस आली. तिच्या मागं तुळसाबाई. ह्या तुळसाबाईंचं शेत बगलेला लागून आहे. त्यांनी लुगडं जरा वर खोचलं होतं, हातात काडी होती आणि पाणी त्यांच्या गुडघ्याच्या खालीच होतं!

"काहून बोंबलून राह्यले वो?" त्या म्हणाल्या. "म्हैस बिचकून राह्यली माही."

"बाई, आमी बुडून राह्यलो!" मामाजी.

"कायच्यात?"

आम्ही खाली पाहिलं. महिनाभर मी 'उथळ पाणी, उथळ पाणी' असा जप केला होता. त्याचसाठी सपाट बूड शोधलं होतं. आणि ऐन वेळी ते पाणी उथळ आहे, एवढंच तेवढं विसरलो!

मी उतरलो. पोटऱ्यांपर्यंत गाळात गेलो, पण उभा राहिलो. मामाजी मात्र उतरायला तयार होईनात. शेवटी तुळसाबाईंनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडून हंसाच्या मानेला बांधलं, दुसरं टोक म्हशीला लावलं आणि "चाल व माय!" म्हणाल्या. म्हैस निघाली. तिच्या मागं हंस, हंसात मामाजी, आणि सगळ्यात मागं चिखलात माखलेला मी ढकलत ढकलत!

काठावर जो जल्लोष झाला, तसा आमच्या गावात निवडणुकीच्या गुलालातही झाला नव्हता. मामाजी काठाला लागले. मला वाटलं, आता तोंडही न धुता रिसोडची गाडी धरतील. पण समोर पोट्ट्यांचा लोंढा उसळला. "आमी बसतो! आमी बसतो!" ढकलाढकली, रेटारेटी! आणि ते पाहून मामाजींच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! ते हंसात उभे राहिले आणि त्यांचा तो डेपोतला आवाज कडाडला, "ए, लाईन! लाईन लावा आधी! लेकरंवाल्या बाया पुढं! उतरणाऱ्याले उतरू द्या!"

अख्खा काठ रांगेत उभा राहिला. मग काय! मामाजी तोंडानं दोनदा "टिंग टिंग" करायचे की म्हैस निघायची, एकदा "टिंग" केलं की थांबायची. तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. रुखमाबाई बसल्या, मदनसिंग बसला, नीलिमा बसली. ती बसली तेव्हा मामाजींनी म्हशीला मुद्दाम लांबचा फेरा मारायला लावला, आणि फेरा पुरा होईपर्यंत बापलेकी काहीतरी बोलत होते. ती उतरली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा असा उजळला होता, की मी तिला काही विचारलंच नाही. सगळी चौकशी करायची नसते, हे त्या दिवशी मला कळलं.

मरळ अर्थातच बाजारातून आणली. मामाजींनी खिडकीकडे पाठ करून, पोटभर जेवण केलं.

संध्याकाळी मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

"जावईबापू, पुढच्या ऐतवारी मी पुन्हा येतो."

"या ना, मामाजी! मी सकाळपासून तयार रायतो!"

"तुमी नाई हो," गाडीत चढता चढता मामाजी म्हणाले. "त्या म्हशीले तयार ठेवजा. तुमाले काम असन तं तुमी नाई आले तरी चालते."