सकाळी मूठ वळते का?

भोईरकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या गुडघ्याला स्क्रू ड्रायव्हर लावला. खरंच! टोक माझ्या गुडघ्यावर, मूठ त्यांच्या कानाला, डोळे मिटलेले. म्हटलं, काका, मी फक्त पाण्याचा टाइम विचारायला आलेय. तर म्हणाले, "गप. वाक. सरळ हो. हां, बेरिंग ओके हाय. पाणी साडेसहाला."

आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहायला येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. काका आमच्या वरच्या मजल्यावर. अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर. तिथे चालू मशीनला असाच स्क्रू ड्रायव्हर लावून आतल्या बेरिंगचा आवाज ऐकायचे. रिटायर झाल्यावर मशिनी सुटल्या, मग बिल्डिंगमधली माणसं घेतली.

त्यांच्या हिशेबाने सांध्याचे मेन फॉल्ट तीन. घासलं, खडा आणि आग.

आमचे सेक्रेटरी जिना उतरताना 'आई गं' करतात. काकांनी त्यांच्या गुडघ्याचं कटकट ऐकलं. "घासलंय. वय झालं, त्यात हे पोट. आधी वजन उतरव. खुर्चीत बसून पाय सरळ उचल, मांडीत ताकद आली की गुडघ्याचा लोड कमी."

उल्हासनगरला जीन्सचं दुकान असलेले लालवानी अंकल एका सकाळी लंगडत आले. पायाचा अंगठा लालभडक, रात्री चादर लागली तरी बोंबलत होते म्हणे. "खडा! यूरिक अ‍ॅसिड. डॉक्टरला दाखव, दारू बंद कर."

"साईं, मैं तो बस बीयर पीता हूँ!"

"मग ती काय नळाला येते?"

पण तिसऱ्या फॉल्टवर काका जोक करत नाहीत. आगीसाठी त्यांचा एकच प्रश्न, रोज, सगळ्यांना. गुड मॉर्निंगच्या जागी. "सकाळी मूठ वळते का?" दूधवाल्याला, शाळेच्या पोरांना, कुणालाही. मग लोक गॅलरीतूनच मूठ वळवून दाखवतात. सकाळी सातला आमची बिल्डिंग म्हणजे मोर्चा वाटते!

आणि एक दिवस माझ्या आईची मूठ वळली नाही.

आई घरी फॉल-पिको करते. म्हणाली, "सुईचं काम आहे, बोटं आखडणारच." काका जिन्यातच थांबले.

"वहिनी, दोन्ही हातांना? किती वाजता सुटतात?"

"साडेआठ-नऊला."

"उठता कधी?"

"सहाला."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

"हे घासलेलं नाय वाटत. ते अर्ध्या तासात सुटतं. तुमची बोटांची मुळं सुजलीत, गरम लागतात, दोन्हीकडे सारखी. ही आतली आग हाय. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं. संधिवाताच्या डॉक्टरला गाठा. ह्याच आठवड्यात."

"भावोजी, लग्नाचा सीझन आहे, साड्यांचा ढीग पडलाय," आई म्हणाली, आणि उल्हासनगरच्या मार्केटमधून हिरवं तेल घेऊन आली.

मी मोबाइलवर शोधत बसले. शोधायलाच नको होतं! वाकड्या झालेल्या बोटांचे फोटो. मग दिवसभर मी आईचे हातच बघायचे. सुई ओवायला मला हाक, कुकरचं झाकण काढायला मला हाक. तेलाची बाटली अर्धी झाली, मूठ तेवढीच उघडी. काका रोज यायचे, रोज तेच विचारायचे. चौथ्या दिवशी आई ओरडलीच, "माझे हात आहेत हे, तुमचं मशीन नाही!"

काका वर निघून गेले.

संध्याकाळी आईलाच चुटपुट लागली. वाटीभर शिरा घेऊन आम्ही पहिल्यांदाच त्यांच्या घरात आत गेलो. नळांना वीतभर लांब दांडे, चमच्यांना सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी! मला हसूच येत होतं. तेवढ्यात आतून काकांच्या मिसेस, मंदाकाकी आल्या. त्या कधी खाली उतरत नाहीत. त्यांनी वाटी दोन्ही तळव्यांत धरली, कारण बोटं सगळी एका बाजूला वळलेली.

माझं हसू गेलं.

"हे माझ्या हातांना ग्रीस संपलंय म्हणायचे," काकी म्हणाल्या. "दोन वर्षं रोज तेल चोळलं. मायेनंच हो."

काका आमच्याकडे पाठ करून चहाचं आधण बघत होते. "कंपनीत बेरिंग एवढं तापलं असतं, तर मी लाइन बंद केली असती," ते म्हणाले. "घरी तेल लावत बसलो."

आई काकींच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "भावोजी, डॉक्टर कधी बसतात?"

काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्यासोबत आले. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, मग रिपोर्ट घेऊन परत. आम्ही आत, काका बाहेर बाकावर. आगच निघाली. दाराच्या फटीतून मला दिसत होतं, ते स्वतःचीच मूठ वळवत होते, उघडत होते.

बाहेर येऊन मी घडाघडा सांगत सुटले. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, मधूनमधून रक्त तपासायचं, फरक पडायला महिने लागतील, बोटांचे व्यायाम...

"ते कळलं. शेवटी काय म्हणाले?"

"म्हणाले, लवकर आलात. बोटं वाकडी व्हायच्या आधी."

"परत सांग."

"लवकर आलात म्हणाले, काका."

त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून काकींचा "हॅलो, हॅलो" ऐकू येत होता. शेवटी काकांनी फोन माझ्या कानाला लावला.

"हिला सांग," म्हणाले.