लाल ठिपक्याची काडतुसं

आख्ख्या वायोमिंगमध्ये काडतुसं भरावीत तर या लायलनं! दुकानातल्या काडतुसाला मी हात लावत नाही, गॅरेजात बसून एकेक स्वतः भरतो. म्हणून सासूबाईंची अडचण कळली तेव्हा मिशीवर ताव देत म्हणालो, "ती रायफल गाईसारखी गरीब करून देतो!"

अडचण अशी. सासूबाई, म्हणजे वर्नाबाई, सत्तरी ओलांडलेल्या. खांद्याचं ऑपरेशन झालेलं. त्यात यंदा सोडतीत त्यांना एल्कच्या शिकारीचा परवाना लागला! एल्क म्हणजे सांबराचा थोरला चुलता. आणि तो मारायचा तर दिवंगत सासरेबुवा अल्विन यांच्या मॅग्नम रायफलनंच! ती रायफल खेचरासारखी लाथ मारते. माझी बायको जोलीन हिनं बजावलं होतं, "आईच्या खांद्याला काही झालं, तर ती रायफल त्याच दिवशी विकीन!"

झालं! मी काडतुसातली दारू बदलली, गोळी हलकी घेतली. पहिला घाणा इतका मिळमिळीत, की गोळी निशाणाच्या अलीकडेच मातीत लोळली. पण हट्ट सोडला नाही, आणि एकदाचं साधलं. रायफलची दुर्बीणसुद्धा त्याच काडतुसांवर जुळवली. नेहमीच्या जहाल काडतुसांत ही मिसळू नयेत म्हणून हलक्यांच्या बुडाला जोलीनच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

सासूबाईंनी त्यातलं एक उडवून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अरे लायल, लाल ठिपका! अल्विन सगळ्यात जहाल काडतुसांना द्यायचा. आणि मला बघ, काही म्हणजे काही झालं नाही!"

मी तोंड उघडलं. जोलीननं माझा पाय तुडवला.

"खबरदार बोललास तर!" ती कानात कुजबुजली. " बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसतेय ती."

मी मान डोलावली. इथेच फसलो!

शिकारीचा दिवस आला. डोंगरात अस्वलांची भीती, म्हणून माझ्या पिशवीत बिनठिपक्याची जहाल काडतुसं होती. उजाडलं आणि समोरच्या उतारावर हा एवढा एल्क!

"दीडशे यार्ड," मी कुजबुजलो. "उडवा, आई!"

"एवढ्या जवळून लाल कशाला वाया घालवू?" म्हणत बाईंनी माझ्या पिशवीत हात घातला आणि बिनठिपक्याचं भरलं!

"अहो आई, ते नको!"

"शू! पळेल ना तो!"

दुर्बीण हलक्यांवर जुळवलेली, म्हणजे ही जहाल गोळी एल्कच्या पाठीवरून जाणार, खांदा निखळणार, रायफल विकली जाणार आणि जोलीन मला घराबाहेर काढणार! मी डोळे मिटले.

धडाम! बाईंची टोपी मागच्या झुडपात. आणि एल्क जागच्या जागी आडवा!

मी त्याच्याकडे निघालो तर चालतोय, चालतोय, अंतर संपेना! दीडशे कसले, तीनशेच्या वर! जहाल गोळी चढली वर, आणि माझा चुकलेला अंदाज तिला घेऊन आला बरोब्बर खाली. पण धन्य ती बाई! एवढी लाथ खाऊन हू की चू नाही. मी तर वाकून नमस्कारच करणार होतो.

खांदा चोळत त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस हं, लायल. पण तुझी ही साधी काडतुसं भलतीच लाथाळ आहेत रे! पुढच्या खेपेला मला लालच भरून दे. अल्विनसारखी."

आता आमच्या घरात सगळी काडतुसं लाल ठिपक्याची. होय, माझीसुद्धा! सासूबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगतात, "आमचा जावई अखेर जहाल काडतुसं पेलायला लागला हो!"

मी खाली मान घालून हसतो. खांदा मात्र कसा सुखात आहे म्हणून सांगू!