पडद्याकडे पाठ

शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नाशिकमधल्या एका जुन्या चित्रपटगृहात त्या क्षणी सर्वांचे डोळे पडद्याकडे होते. फक्त एक गृहस्थ पडद्याखालच्या कोपऱ्यात, बाहेर जाण्याच्या दाराशी, घडीच्या स्टुलावर बसून आमच्याकडे पाहत होते. ते प्राध्यापक अन्सारी, माध्यम-अभ्यास विभागातले माझे नवे मार्गदर्शक. पहिल्या भेटीसाठी त्यांनी मला इथेच बोलावले होते. मध्यंतरात मी जाऊन नाव सांगितले, तर म्हणाले, "हिरो आला तेव्हा तुम्ही जांभई दिलीत. नोंद केली आहे."

सर प्रेक्षकांचा अभ्यास करतात. त्यासाठी त्यांनी आयुष्यभर चित्रपटांना हजेरी लावली आणि त्यांतला एकही पाहिला नाही. नट त्यांना आवाजावरून ओळखू येतात, चेहऱ्यावरून नाही. एकदा एका बड्या नटाच्या फलकाखाली उभे राहून त्यांनी मला विचारले होते, हे गृहस्थ कोणत्या प्रभागातून उभे आहेत.

चित्रपटगृहात नवखे लोक त्यांना तिकीट तपासनीस समजून खिसे चाचपतात. जोडपी जागा बदलतात. हरसूलकडच्या एका आजोबांना तर त्यांची इतकी दया आली, की ते उठून जवळ गेले. "मास्तर, पिक्चर मागं हाय. मान वळवा." सरांनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि तेही नोंदवले.

मी संख्याशास्त्राची. चित्रपट दाखवणाऱ्या एका ॲपकडून विभागाला विदा, म्हणजे डेटा, मिळाली होती: कोणी कुठे थांबवले, कुठून पुढे ढकलले, कुठे कंटाळून सोडून दिले. तिच्यावरून प्रारूप बांधायचे, शोधनिबंध छापायचा आणि नाशिक सोडायचे, असा माझा आराखडा होता. सरांच्या तक्त्यात मात्र रकाने तीनच. कोण चुळबुळले, कोण स्थिर राहिले, कोणी शेजारी पाहिले. तिसऱ्यावर त्यांचा विशेष जीव.

"हसू आलं की माणूस पडदा सोडतो, संख्याबाई," ते मला समजावत. "शेजारी बघतो. त्यालाही आलं का, ते तपासतो. तुमच्या सर्व्हरला हे कुठून दिसणार? त्याला फक्त अंगठा दिसतो."

नमुना फार लहान आहे, निरीक्षकाच्या उपस्थितीने वर्तन बदलते, असे माझे आक्षेप होते. सरांनी ते सगळे मान्य केले आणि स्टूल जागचे हलवले नाही. दोन महिन्यांत माझी अवस्था अशी झाली, की मिसळ खातानाही मी समोरच्या टेबलावर कोण कोणाकडे बघून हसते ते पाहू लागले.

ही सवय लागली कशी, हे त्यांनी एकदा स्टुलाची घडी घालता घालता सांगितले. बालपण मालेगावचे. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, दिवसा झोपलेले. शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी मुलाला घेऊन सिनेमा. "एरवी अब्बांची पाठच दिसायची. मागाकडे वळलेली, नाहीतर भिंतीकडे. शुक्रवारी तीन तास चेहरा मिळायचा. मग पिक्चर कशाला बघू?"

जानेवारीत त्यांची मुलगी सना बंगळुरूहून आली. आठवड्याभरात नोकरीसाठी परदेशी जायची होती, पुन्हा कधी येईल ते ठरलेले नव्हते. जाण्याआधी तिच्यासोबत एक चित्रपट, एवढीच सरांची इच्छा. पाहुण्यांसमोर ती नाही म्हणणार नाही, या हिशेबाने त्यांनी मला इंदिरानगरच्या घरी चहाला बोलावले. घरातही सरांची खुर्ची टीव्हीला चिकटून, सोफ्याकडे तोंड करून.

सरांनी विषय काढला. सनाने मोबाइलमधून मान वर केली नाही. "अब्बू, तुम्ही बसणार कुठे?"

सरांची नजर टीव्हीला चिकटलेल्या आपल्या खुर्चीकडे गेली. त्यांच्या पत्नी फरीदाआपा उगाच चहा ढवळत राहिल्या.

मग सना माझ्याकडे वळली आणि अगदी शांत स्वरात सांगू लागली. लहानपणी प्रत्येक सिनेमाला तिच्या एका बाजूला अम्मी असे आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर अब्बूंची पिशवी. "सगळ्यांचे अब्बू शेजारी असायचे, ताई. माझे समोर. मी हसले की लिहून घ्यायचे." नववीत तिने जाणेच सोडले होते.

"नोंद..." सर सवयीने म्हणाले आणि थांबले. उठून आत गेले. स्टूल आणून त्यांनी ते माझ्या हातात दिले.

त्या रविवारी पडद्याखाली मी बसले. पडद्यावरचा उजेड पालटे तसे चेहरे पालटत. सर सनाच्या शेजारी, परीक्षेला बसल्यासारखे, हात गुडघ्यांवर ठेवून. चित्रपट पाहण्याचा सराव नसल्याने त्यांचे प्रश्न पार माझ्यापर्यंत पोहोचत होते.

"हा कोण?"

"हिरो, अब्बू."

"मग मघाचा?"

"तोही हिरोच. डबल रोल आहे."

मागून कोणीतरी 'शू' केले. सर जरा वेळ पडद्याकडे बघत, मग नजर घसरून मुलीकडे जाई. सना सरळ समोर. मध्यंतरानंतरही तसेच. मी तक्त्यात खुणा करत होते आणि सगळ्या सरांच्याच बाजूला पडत होत्या.

शेवटाकडे दोन्ही नायक समोरासमोर आले आणि सारे प्रेक्षागृह हसले. सरही हसले, चष्मा सावरत, पडद्यात पुरते हरवून. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे शेजारी लक्ष नव्हते. नेमकी तेव्हाच सना वळली आणि हसता हसता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. पडद्यावरचा प्रसंग संपला तरी.

सरांना हे कळले नाही. ते कळवणे माझ्या तक्त्यावर होते. तिसरा रकाना. शेजारी पाहिले, वडील: २१. मुलगी: १.