नाथाजींच्या खांद्यावरचा हात

त्या दिवशी कृष्णातनं ठरवलं, की आपला फोटो आपणच काढायचा. (सगळं इथूनच बिघडलं.)

म्हसवडच्या पाहुण्यांना मुलाचा फोटो हवा होता. दुष्काळ सरल्यापासून आष्ट्यात लग्नांची घाई उडाली होती, आणि नवरानवरींना 'जरा हसा' म्हणता म्हणता कृष्णातचं स्वतःचं अठ्ठाविसावं उलटलं होतं. तीन ठिकाणांहून नकार आलेला. हे स्थळ गेलं तर पुढं कुणी विचारणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

स्टुडिओ बापलेकांच्या भागीत होता. फोटो काढायला वडील होतेच. पण दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद. कृष्णातला रोलचा नवा कॅमेरा पाहिजे होता आणि आबा काचेच्या प्लेटीच्या लाकडी कॅमेऱ्याला चिकटून होते. काय बोलायचं ते आईच्या, अंबूबाईच्या मार्फत. तिघंही एकाच खोलीत असले तरी.

"त्येला सांग," आबा म्हणाले, "टेबलावरची प्लेट सकाळीच वापरलीया. हात लावू नको म्हणावं."

"कृष्णा, तुझा बाप म्हंतोय..."

"मला शिकवू नका म्हणावं त्यांस्नी!"

"आवं, त्यो म्हंतोय..."

"ऐकलं. भैरा न्हाई मी," म्हणत आबा चपला घालून बाहेर पडले.

चांगली प्लेट आपल्याला मिळू नये म्हणून आबा थाप मारतात, याबद्दल कृष्णातची खात्री होती. त्यानं कोट चढवला, नक्षीच्या लाकडी खांबावर ऐटीत हात ठेवला आणि आईला कॅमेऱ्याचं टोपण काढायला सांगितलं.

"हस की रं," आई म्हणाली. तो हसला. (सवय नसल्यानं गाल दुखले.)

अंधाऱ्या खोलीत प्लेट धुऊन त्यानं फोटो कागदावर उतरवला आणि उजेडात नेऊन बघितला. कोटातला हसणारा कृष्णात, आणि त्याच्या पुढ्यात खुर्चीवर पागोटं बांधलेले, गळ्यात हार, डोळे मिटलेले नाथाजी! खांबावरचा हात नेमका त्यांच्या खांद्यावर आलेला. समोरच्या बोळातले नाथाजी पहाटे वारले होते. जन्मात एकही फोटो काढलेला नाही, म्हणून न्यायच्या आधी त्यांना खुर्चीत बसवून आबांनी तो याच प्लेटीवर काढला होता. आता अग्नीही देऊन झाला होता. दुसरा फोटो काढायचा कुणाचा?

आबांनी तो कागद बघितला आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा ते मुलाशी थेट बोलले.

"गाढवा!"

"वापरलेली हाय, ते नीट सांगायचं हुतं!"

"आनी कसं सांगू? दवंडी पिटू? आरं, ती म्हातारी दारात आली की काय दावू तिला?"

राख सावडून झाल्यावर नाथाजींची बायको बनुबाई आली. बापलेक दोघंही मान खाली घालून उभे राहिले. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो मागं आपला कृष्णा न्हवं?"

"चूक झाली, काकी," कृष्णात कसाबसा म्हणाला.

बनुबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं फोटोवरून बोट फिरवलं. "माझं पोर असतं तर एवढंच असतं," ती म्हणाली. "खांद्यावर हात ठेवलाय बघ कसा. ऱ्हाऊ द्या असाच."

त्या फोटोला आबांनी स्वतः चौकट केली. कृष्णातचा दुसरा फोटो म्हसवडला गेला, पसंतही पडला. मुलीचे वडील आणि चुलते घर बघायला येणार म्हणून कृष्णात सकाळपासून कोट घालून दारात उभा होता. स्थळ आणणारे धुळामामा त्यांना आणायला स्टँडवर गेले, आणि एकटेच परत आले.

"पाहुणं कुटं हायत?"

"गेलं माघारी. आदल्याच गाडीनं आलं आन् चौकशीला बोळात शिरलं. बनुबाईकडं पाणी प्यायला टेकलं, तर भिंतीवर तू! चौकटीला हार, म्होरं उदबत्ती. पाणी न पिताच उठलं."

"आवं, मग तुमी सांगायचं न्हाई, जित्ता हाय म्हणून?"

"सांगितलं की! सुटलेल्या एसटीमागं पळत सांगितलं. त्यांनी खिडकीतनं हात जोडलं."

कृष्णातनं कोट काढून खुर्चीवर टाकला. "काय म्हणालं का?"

"पानवाल्याजवळ हळहळत हुतं म्हणं. पोरगं लय गुणाचं हुतं म्हणून."

आबा कॅमेऱ्याची काच पुसत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"मेल्यावर समद्यांस्नीच म्हणत्यात तसं," ते म्हणाले.